तलावाचा आलेख पुन्हा ‘चुकीचं’ दाखवतोय: दोष नेमका कुठे शोधायचा

तलावाच्या पाण्याची मोजमापं लोकांसमोर ठेवणारं पान सुरू झालं की पहिले काही आठवडे कौतुकात जातात. मग निरोप यायला लागतात. ‘काल रात्री पाणी ३४ अंशांवर गेलं होतं का?’ ‘ऑक्सिजन एकदम दुप्पट कसा झाला?’ ‘माझ्या फोनवर नुसती पांढरी चौकट दिसते.’ पान सांभाळणारा घाईघाईने अक्षाची मर्यादा आवळतो, खटकणारा ठिपका हाताने पुसतो, रेषेचा रंग बदलून बघतो. थोडे दिवस शांततेत जातात आणि मग तीच कुरकुर दुसऱ्या आलेखाबद्दल सुरू होते.

तक्रार अशी फिरून फिरून येत असेल तर आधी आलेखाला हात लावू नका. आलेख बिचारा प्रामाणिक असतो, फाइलमध्ये जे आलं ते त्याने काढलेलं असतं. दोष त्याच्या मागे असतो: फाइल तयार होताना, लॉगर (सेन्सरचे आकडे साठवणारं यंत्र) नोंद करताना किंवा सेन्सर पाण्यात सोडताना. कधीकधी दोष नसतोच, तलाव खरंच तसा वागलेला असतो. म्हणून शोध उलट्या दिशेने घ्यायचा, पडद्याकडून पाण्याकडे. खटकलेल्या क्षणाची वेळ टिपा आणि मूळ फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. एक्सेलमध्ये उघडू नका, ते तारखांची रूपं परस्पर बदलून टाकतं. त्या वेळेची ओळ फाइलमध्ये आहे का? आकडा पडद्यावरचाच आहे का? या दोन प्रश्नांवर निम्म्या तक्रारींचा निकाल लागतो.

ओळच नाही, पण रेषा आहे

बॅटरी उतरली, सिमकार्डची मुदत संपली, सेन्सर टांगलेला तरंगता बोया वाऱ्याने उलटला. कारण काहीही असो, नोंदींमध्ये चार दिवसांचा खाडा पडला. आलेखात मात्र शेवटच्या ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत सरळ रेष जाते आणि बघणाऱ्याला वाटतं की चार दिवस तापमान हळूहळू, शिस्तीत उतरत होतं. त्याने बोट ठेवलं तर मधल्या जागी आकडा येत नाही, आणि मग त्याचा सगळ्याच आलेखावरचा विश्वास उडतो.

यातली मेख अशी की बहुतेक आलेख-लायब्ररी (आलेख काढणारे तयार कोडसंच) रिकाम्या जागी रेष तोडायला तयार असतात, पण त्यांना रिकामी जागा दिसावी लागते. प्लॉटली या लायब्ररीत ‘कनेक्टगॅप्स’ (खंड जोडायची सोय) मुळातच बंद असतं. तरीही रेष जोडली जाते, कारण फाइलमध्ये त्या चार दिवसांच्या ओळीच नाहीत. जे नाहीच ते रिकामं आहे हे लायब्ररीला कसं कळणार? उपाय फाइल तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आहे. नोंद दर १० मिनिटांनी व्हायची असेल तर दर १० मिनिटांची पूर्ण वेळपट्टी आधी आखा, तिच्यावर आलेल्या नोंदी बसवा, आणि जिथे काही बसलं नाही तिथे नल (‘इथे आकडा नाही’ अशी खूण) ठेवा. शून्य नव्हे, नल. चार्टजेएस ही लायब्ररी वापरत असाल तर ‘स्पॅनगॅप्स’ला कालावधी देता येतो: त्याहून लहान खंड जोडायचा, मोठा तोडायचा. डीथ्री या लायब्ररीत रेषेच्या ‘डिफाइन्ड’ या अटीने तेच साधतं.

तुटलेली रेष दिसायला वाईट दिसते अशी कुरकुर समितीच्या बैठकीत हमखास होते. होऊ द्या. हवं तर त्या जागी फिकट पट्टा काढून ‘या काळात नोंद नाही’ असं लिहा. लोक खंड समजून घेतात. रचलेली रेष पकडली गेली की मात्र पंचाईत होते.

याच घरातला दुसरा दोष म्हणजे वर मोठ्या अक्षरात दिसणारा ‘आत्ताचा’ आकडा. केंद्र बंद पडून आठवडा झाला तरी तो हिरव्या चौकटीत तसाच झळकत राहतो. आकड्याशेजारी नोंदीची वेळ हवीच, आणि नोंद ठरावीक तासांपेक्षा जुनी झाली की चौकट आपोआप करडी व्हायला हवी. सेन्सर एकाच आकड्यावर अडकून बसला तर वेळ ताजी दिसते आणि आकडा शिळा असतो. सलग कित्येक नोंदी दशांशापर्यंत तंतोतंत सारख्या आल्या तर स्क्रिप्टने शंका घ्यावी. तलाव इतका स्थिर नसतो.

ओळ आहे, पण आकडा पाण्याचा नाही

सुरुवातीच्या ३४ अंशांकडे येऊ. लोकसहभागातून चालणाऱ्या बऱ्याच स्वस्त केंद्रांमध्ये डीएस१८बी२० हा तापमापक असतो. चिप चांगली आहे, पण तिची एक खोड आहे. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं तर ती ८५ अंश सांगते. कारखान्यातूनच तसं ठरवलेलं असतं. वायर सुटली तर आर्डुइनो या छोट्या संगणक-पाटीवरची प्रचलित लायब्ररी उणे १२७ देते. काही लॉगर ‘माहिती नाही’साठी उणे ९९९९ लिहितात. हे तापमानाचे आकडे नाहीत, निरोप आहेत.

उणे ९९९९ तरी बरा, तासाच्या सरासरीत मिसळला तर रेष पाताळात जाते आणि लगेच पकडला जातो. खरा त्रास ८५ चा. तासात सहा नोंदी, पाच वेळा २४ अंश आणि एकदा ८५. बेरीज २०५, सरासरी ३४.२. उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यासाठी ३४ अंश अगदी अशक्य नाही, म्हणून गाळणीतून सुटतो आणि थेट लोकांच्या फोनवर पोचतो. गाळणी सरासरीच्या आधी लावा, नंतर नाही. आधी ठरावीक निरोप-आकडे काढा, मग शक्य-अशक्यची मर्यादा, मग दोन लागोपाठ नोंदींमधली उडी तपासा, आणि एवढं झाल्यावरच सरासरी काढा.

प्रयोगशाळेतून येणाऱ्या आकड्यांची तऱ्हा वेगळी. तिथे ‘०.०१ पेक्षा कमी’ असं चिन्हासह लिहून येतं. स्क्रिप्टला ते अक्षर वाटतं, आणि ती एकतर ओळ टाकून देते किंवा शून्य धरते. ओळ टाकली तर फॉस्फरस कमी असलेले दिवस आलेखातून गायब होतात आणि तलाव आहे त्यापेक्षा घाण दिसतो. शून्य धरलं तर उलटं. चिन्हासाठी वेगळा रकाना ठेवा आणि असे ठिपके मोजमापाच्या खालच्या मर्यादेवर पोकळ काढा. सेकी तबकडीचंही (पाण्याची पारदर्शकता मोजायला दोरीने खाली सोडतात ती) तसंच: तबकडी तळाला टेकली तरी दिसत होती, तर ती नोंद ‘२ मीटर’ नसून ‘२ मीटर किंवा जास्त’ आहे.

पहाट भलत्याच वेळी उगवते

विरघळलेला ऑक्सिजन हे वेळेचा दोष पकडायचं उत्तम साधन आहे. दिवसा शेवाळं आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, ऑक्सिजन चढतो. रात्रभर सगळे फक्त श्वास घेतात, तो उतरत जातो आणि सूर्य उगवायच्या सुमाराला सर्वांत खाली असतो. वनस्पती भरपूर असलेल्या तलावात हा चढउतार ठळक दिसतो. तुमच्या आलेखात तळ मध्यरात्री किंवा भर दुपारी दिसत असेल तर आधी स्थानिक वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) यांच्यातला फरक मोजा. तळ जितके तास सरकलाय तितकाच तो फरक निघाला की रोगाचं नाव कळलं.

रोग कुठे जडतो? बऱ्याचदा ब्राउझरमध्ये. जावास्क्रिप्टला वर्ष-महिना-दिवस एवढीच तारीख दिली तर ते ती यूटीसी समजतं. त्याच तारखेपुढे वेळ जोडली आणि यूटीसीपासूनचं अंतर लिहिलं नाही, तर बघणाऱ्याच्या यंत्रावरची स्थानिक वेळ समजतं. म्हणजे एकाच पानावर रोजच्या सरासरीचा आलेख एका नियमाने चालतो आणि तासांचा आलेख दुसऱ्या. शिवाय दुसऱ्या देशात बसलेल्याला तिसरंच दिसतं. फाइलमध्ये प्रत्येक वेळेबरोबर अंतर लिहा आणि दाखवताना तलावाचीच वेळ दाखवा, बघणारा कुठेही असो. लॉगर बारा महिने प्रमाण वेळेवर ठेवा. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे लॉगरनेही तसं केलं, तर वर्षातून एकदा एक तास हरवतो आणि एकदा दोनदा येतो.

महिना-दिवसाची अदलाबदल ओळखायची खूण याहून सोपी. दर महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी भलत्या महिन्यांत विखुरलेल्या आणि १३ पासून पुढे सगळं कोरं, असं चित्र दिसलं की दुसरं काही शोधू नका.

दर भेटीनंतर उडी

हा सगळ्यात चिवट आणि सगळ्यात शिकवणारा दोष. गढूळपणाची रेष तीन आठवडे हळूहळू चढत जाते, एका दुपारी धाडकन खाली येते, पुन्हा चढायला लागते. करवतीच्या दात्यांसारखा आकार. लोक विचारतात, त्या दुपारी पाणी कुणी साफ केलं? पाणी नाही, सेन्सर साफ केला. पाण्यात बुडवलेल्या कुठल्याही वस्तूवर जिवाणू, शेवाळ, गाळ यांचा बुळबुळीत थर चढतो. प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरच्या काचेवर तो चढला की सेन्सर थर मोजतो आणि पाणी म्हणून सांगतो. ऑक्सिजनच्या सेन्सरच्या टोपीवर जिवंत शेवाळ बसलं तर गंमत आणखी वाढते: ते शेवाळ दिवसा तिथेच ऑक्सिजन सोडतं, रात्री तिथलाच ओढून घेतं, आणि तलावाचा चढउतार आहे त्यापेक्षा दांडगा दिसतो.

आलेख गुळगुळीत करून हे झाकलं जातं, नाहीसं होत नाही. काम तलावावरच करावं लागतं. बोयाजवळ पोचल्यावर सेन्सर पुसायच्या आधी नोंद घ्या. शेजारी, त्याच खोलीवर, नीट अंशांकन केलेल्या (ज्ञात प्रमाणाशी जुळवून घेतलेल्या) हातातल्या मीटरने दुसरी नोंद घ्या. मग सेन्सर साफ करा, परत बुडवा, आकडा स्थिरावू द्या आणि पुन्हा दोन्ही नोंदी घ्या. साफ करण्याआधी आणि नंतर सेन्सरमध्ये जो फरक पडला, त्यातून या थोड्या वेळात खुद्द पाण्यातच झालेला बदल (तो हातातलं मीटर सांगतं) वजा करा. उरतो तो थराचा हिस्सा. साफ केल्यावरही सेन्सर आणि मीटर जुळत नसतील तर ते अंशांकन ढळल्याचं लक्षण, त्याचा हिशेब वेगळा ठेवायचा. थराचा हिस्सा मागच्या भेटीपासून आजपर्यंत क्रमाने वाढत गेला असं धरून मधल्या नोंदी दुरुस्त करायच्या. थर नेहमी इतक्या सरळ हिशेबाने चढत नाही, पण उडीपेक्षा हे सत्याच्या जवळ असतं आणि सर्रास वापरलं जातं.

दुरुस्त आकडा मूळ आकड्याच्या जागी कधीच लिहू नका. तीन रकाने: मूळ, दुरुस्त, आणि खूण. खुणेच्या रकान्यात ‘तपासलेलं’, ‘कच्चं’, ‘संशयास्पद’ असे मोजके शब्द पुरतात. पुढच्या भेटीपर्यंतच्या सगळ्या नोंदी कच्च्याच असतात, त्या तुटक रेषेने काढा. एवढं केलं की ‘मागच्या महिन्याचा आकडा आज बदलला, काय लपवताय?’ या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळच सहसा येत नाही.

आकडा बरोबर, वाचणारा फसतो

विरघळलेला ऑक्सिजन मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात आणि संपृक्ततेच्या टक्क्यांतही, म्हणजे त्या तापमानाला पाण्यात जेवढा मावू शकतो त्याच्या किती टक्के. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो: समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात ० अंशाला सुमारे १४.६ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१, ३० अंशाला ७.६. म्हणजे ७.६ हा आकडा ३० अंशाला १०० टक्के आणि ५ अंशाला जेमतेम ६० टक्के. हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे जाताना मिलिग्रॅमची रेष खाली येते आणि लोक प्रदूषण वाढलं म्हणून धसका घेतात. दोन्ही एकके एकाच आलेखात दोन अक्षांवर कोंबू नका, कुणालाच वाचता येत नाही. मासे जगतील का हा प्रश्न असेल तर मिलिग्रॅम दाखवा. पाणी आपल्या मगदुराप्रमाणे भरलंय का हा प्रश्न असेल तर टक्के.

नायट्रेटमध्ये फसगत मोठी. एक प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ म्हणून देते, दुसरी ‘नायट्रेटमधलं नायट्रोजन’ म्हणून. दोन्हींवर एकक मिलिग्रॅम प्रति लिटरच, फरक ४.४३ पटींचा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची ५० ची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे. नायट्रोजन म्हणून तीच सुमारे ११.३ होते. प्रयोगशाळा बदलली त्या तारखेला रेष चौपट झाली किंवा पाव झाली असेल तर तलावाला दोष देण्याआधी दोन्ही अहवालांची शीर्षकं शेजारी ठेवून वाचा.

रोजची सरासरी हाही एक छुपा सापळा आहे. दिवसाची सरासरी ६ मिलिग्रॅम, सगळं आलबेल. आणि पहाटे तो १.५ वर उतरला होता, मासे काठाला तोंडं वर काढून होते, ते सरासरीने गिळून टाकलं. वर्षभराच्या नोंदी फोनवर भराभर उघडाव्यात म्हणून त्या विरळ कराव्या लागतातच, पण विरळ करताना दिवसाचा किमान आणि कमाल यांचा पट्टा जपा. मोजके ठिपके निवडून नोंदी विरळ करणारी एलटीटीबीसारखी पद्धत रेषेचा आकार चांगला राखते, मात्र प्रत्येक दिवसाचा तळ राखीलच याची हमी देत नाही.

‘काल हिरवा होता, आज लाल’

खोलीनुसार तापमानाचा रंगीत नकाशा लोकांना फार आवडतो आणि तोच सर्वाधिक चकवतो. रंगपट्टी आपोआप जुळणारी असेल तर दर वेळी समोरच्या कालावधीचा किमान निळा आणि कमाल लाल होतो. आठवडा निवडला की २४ अंश लाल, वर्ष निवडलं की तेच २४ अंश पिवळे. रंगपट्टीची दोन टोकं त्या तलावाच्या वर्षभराच्या आवाक्यावर पक्की करा. इंद्रधनुषी पट्टी टाळा. पिवळ्याच्या जागी ती पाण्यात नसलेली कड दाखवते आणि लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यांना निरुपयोगी ठरते. व्हिरिडिस ही रंगपट्टी २०१७ पासून मॅटप्लॉटलिब या आलेख-लायब्ररीत मुळातच निवडलेली असते, ती किंवा तिच्यासारखी चढत्या उजेडाची पट्टी घ्या.

सेन्सर १, २, ४ आणि ८ मीटरवर असतील तर मधले सगळे रंग संगणकाने अंदाजाने भरलेले आहेत. वरचं उबदार आणि खालचं थंड पाणी यांचा थर कुठे बदलतो ही रेघ ४ आणि ८ च्या मधे पडली तर ती ५ वर की ७ वर, हे कुणालाच ठाऊक नाही. अक्षाच्या कडेला सेन्सरच्या जागांवर लहान खुणा करा.

आणि खोली कुठून मोजली हे विचारा. सेन्सरची साखळी बोयाला टांगलेली असेल तर खोली पृष्ठभागापासूनची असते. तळाला नांगरलेल्या खांबावर सेन्सर असतील आणि पाणी ३ मीटर उतरलं, तर ‘५ मीटर’चा सेन्सर आता २ मीटरवर आहे. खालचं पाणी झपाट्याने तापतंय असं जे दिसतं ते हेच. पाणीपातळीचा रकाना जोडा आणि खोली प्रत्येक नोंदीला नव्याने काढा.

फोनवर

आलेख संगणकावर बनतात आणि फोनवर बघितले जातात. माणूस पान खाली सरकवायला बोट फिरवतो, बोट आलेखावर पडतं आणि आलेख भलत्या कोपऱ्यात मोठा होऊन बसतो. परतीचं बटण त्याला सापडत नाही. लहान पडद्यावर ओढून मोठं करणं बंदच ठेवा आणि कालावधी निवडायला ‘आठवडा’, ‘महिना’, ‘वर्ष’ अशी ठसठशीत बटणं द्या. माउस नेल्यावर उमटणारी माहिती फोनवर नाहीच असं समजून चाला. पांढऱ्या चौकटीची तक्रारही बहुतेक वेळा इथलीच: वर्षानुवर्षांच्या दहा-दहा मिनिटांच्या नोंदी एका दमात पाठवल्या जातात. आधी विरळ केलेलं वर्ष पाठवा, बारकावे मागितल्यावर.

शिवाय लोक लिंक पाठवत नाहीत, स्क्रीनशॉट पाठवतात. तो दोन वर्षांनी पुन्हा फिरतो आणि ‘आपल्या तलावाची आजची अवस्था’ म्हणून वाचला जातो. म्हणून तलावाचं नाव, एकक, वर्षासह तारीख आणि ‘कच्ची नोंद’ हा शेरा आलेखाच्या चौकटीच्या आतच छापा. बाहेरच्या मजकुरात असलेलं सगळं कात्रीत जातं.

तलाव खरं बोलत असेल तर

ऑक्सिजन १०० टक्क्यांच्या वर गेला की ‘हे कसं शक्य आहे’ म्हणून नोंद खोडली जाते. शक्य आहे, शेवाळ माजलेल्या पाण्यात उन्हाच्या दुपारी तसं होतंच. पृष्ठभागाजवळचा क्लोरोफिलचा (शेवाळातल्या हिरव्या रंगद्रव्याचा) सेन्सर भर दुपारी कमी आकडा देतो आणि रात्री जास्त, तेव्हा शेवाळ कुठे जात नाही. प्रखर प्रकाशात पेशी प्रतिदीप्ती (त्यांनी परत सोडलेला प्रकाश, सेन्सर तोच मोजतो) दाबून धरतात. तलावांची तुलना करायची तर रात्रीचेच आकडे घ्या. आणि शरद ऋतूत एखाद्या वादळानंतर सगळ्या खोल्यांच्या रेषा एकमेकींवर येऊन बसल्या, तर वायर शॉर्ट झाली असं समजून धावण्याआधी वाऱ्याची नोंद बघा. थर मोडून पाणी एकजीव झालं असेल, आणि वर्षभरात आलेखात दाखवण्यासारखी तीच सर्वांत मोठी घटना असेल. त्या जागी आलेखावरच दोन ओळींची टीप लावा, साध्या शब्दांत.

वरचं काहीही दुरुस्त केलंत तर कोणत्या तारखांचे, कोणते आकडे, कशामुळे बदलले हे त्याच पानावर लिहा. जुनी फाइलही उतरवून घेता येईल अशी ठेवा, कारण तोवर कुणीतरी त्या आकड्यांवरून पाणीपुरवठा खात्याला पत्र धाडलेलं असतं.